गच्चीवरची शेगडी: गॅसची घ्यावी की कोळशाची?

पत्र: सप्रेम नमस्कार. आम्ही चोपड्याला राहतो. घर स्वतःचं, एकमजली, वर मोकळी गच्ची. सासूबाई धरून सहा माणसं. थंडीत जवळपास दर रविवारी भरीत असतं, पाहुणे आले की पान दहा-बारा जणांचं होतं. मुलगा पुण्याला नोकरी करतो, तो झाकणाचं तीन बर्नरचं गॅस बार्बेक्यू घेऊ म्हणतो. ह्यांचं म्हणणं, एवढे पैसे कशाला घालायचे, कोळशाची शेगडी बनवून घेऊ. भरीत, वरण-बट्टी, पनीर, मक्याची कणसं आणि महिन्यातून एखाद्या वेळी चिकन, एवढंच आम्ही करणार. तुराट्यांवरच्या (तुरीच्या वाळलेल्या काड्यांवरच्या) भरताची चव गॅसवर येईल का? घरचा सिलिंडर वर नेला तर चालेल का? सासूबाई म्हणतात गोवऱ्या असताना कोळसा कशाला. आणि दिवाळीपासून खालच्या खोलीत कापूस भरलेला असतो, म्हणून मला विस्तवाची भीती वाटते. – एक वाचक, चोपडा

ताई, नमस्कार.

भीतीची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली, आम्ही ती आधी घेतो. कापसात ठिणगी पडली तर लगेच जाळ दिसतोच असं नाही. ती आत शिरून तासन्‌तास धुमसते आणि घरात सगळे झोपल्यावर पेटते. भरताचा मोसम आणि कापूस घरात असण्याचा काळ नेमका एकच, त्यामुळे हा प्रश्न दर रविवारी येणार. स्लॅबच्या गच्चीवर, विस्तवाखाली विटांचा थर देऊन भाजलं तर खालच्या खोलीला धगीचा धोका नाही. धोका आहे तो ठिणगी खिडकीतून किंवा जिन्यातून खाली जाण्याचा. म्हणून कापूस घरात असेल तेव्हा त्या खोलीच्या खिडक्या आणि जिन्याचं दार बंद करूनच शेगडी पेटवा, शेगडी जिन्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि पाण्याची भरलेली बादली जवळ असू द्या. कापूस अंगणात पसरलेला असेल, गाडीत भरणं चालू असेल किंवा वारा सुटला असेल, त्या दिवशी कोळसाही नको आणि तुराट्याही नकोत. ठिणग्यांच्या बाबतीत तुराट्या कोळशापेक्षा वाईट. त्या तडतडतात आणि त्यांची हलकी जळती राख वाऱ्यावर लांब जाते. गॅस ठिणग्या उडवत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे आणि तो आम्ही कमी लेखत नाही.

एवढं पाळणार असाल तर आमचं मत स्पष्ट आहे: झाकण असलेली कोळशाची शेगडी बनवून घ्या. गॅस बार्बेक्यू घेऊ नका.

कारण असं की, तुमचं भाजणं रविवारचं आहे. गॅस बार्बेक्यूचे पैसे वसूल होतात ते आठवड्यातून दोन-तीनदा, तेही कामाच्या दिवशी संध्याकाळी घाईत वापरणाऱ्याकडे. दहा-बारा मिनिटांत तापतं, बटण फिरवलं की बंद. कोळशाला पेटायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मागं राख उरते. पण रविवारी ही वीस मिनिटं कुणाला जड नसतात, तेवढ्यात ठेच्याच्या मिरच्या निवडून होतात. उलट उन्हाळा-पावसाळ्यात पडून राहिलेल्या गॅस बार्बेक्यूच्या बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतो, भोकं गंजून बुजतात आणि पुढच्या थंडीत आच पिवळी, काजळी धरणारी येते. पडून राहिलेल्या कोळशाच्या शेगडीला फार तर वरचा गंज येतो.

आता भरताचं. तुराट्यांच्या भरताची चव दोन गोष्टींतून येते. जाळ थेट सालीला लागतो आणि साल जळते, ही एक. सुक्या काडीचा धूर सालीतून, देठाकडून आत मुरतो, ही दुसरी. गॅस बार्बेक्यूत यातली पहिलीच गोष्ट होत नाही. तेल-मसाला बर्नरवर पडू नये म्हणून बर्नरवर पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे जाळ वांग्यापर्यंत पोचतच नाही. पोचते ती तापलेली हवा आणि पट्ट्यांची धग. शिवाय गॅस जळताना पाणी तयार होतं. 1 किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. त्या दमट हवेत वांगं शिजतं चांगलं, पण साल हवी तशी करपत नाही आणि गर जरा पाणचट राहतो. स्वयंपाकघरातल्या साध्या गॅसवर जाळी ठेवून भाजलेलं वांगं बार्बेक्यूतल्या वांग्यापेक्षा तुराट्यांच्या जास्त जवळ जातं, कारण तिथे जाळ सालीला लागतो. म्हणजे भरतासाठी म्हणून तीन बर्नरचं यंत्र घेण्यात काहीच अर्थ नाही.

कोळशाची धग मात्र कोरडी आणि थेट. नुसत्या कोळशातही धूर नसतो, हे ध्यानात ठेवा. नीट पेटलेल्या निखाऱ्याला वास जवळजवळ नसतोच. पनीरला किंवा चिकनला येणारा धुराचा वास हा निखाऱ्यावर पडून जळणाऱ्या तेलाचा, चरबीचा आणि मसाल्याचा असतो. वांग्यातून असं काही फार टपकत नाही, म्हणून भरताला धूर बाहेरून द्यावा लागतो. तो द्यायला तुराट्याच घ्या, पण जाळण म्हणून न घेता मसाल्यासारख्या, मूठभर.

कृती अशी. सहा जणांना दीड किलो वांगी. हिरवी, पांढरट रेघांची, आकाराच्या मानाने हातात हलकी लागणारी. जड वांग्यात बी जास्त. तुमच्याकडे यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी सहज मिळत असतील, तर दुसरी शोधू नका. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच्या पातळ सालीमुळे, कमी बियांमुळे आणि चवीमुळे. प्रत्येक वांग्याला चार-पाच ठिकाणी काट्याने टोचा, नाहीतर आतली वाफ साल फोडते आणि गर राखेत जातो. तेलाचा पुसट हात लावा. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की वांगी जाळीवर ठेवा आणि दर चार-पाच मिनिटांनी पाव वळण द्या. पाव ते अर्धा किलोच्या वांग्याला पंधरा ते वीस मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत वीतभर तुकडे केलेल्या तुराट्या मूठभर निखाऱ्यावर टाका. आधी भडकू द्या, मग झाकण लावा. जाळ विझतो, धूर राहतो. वांगं झालं की नाही ते पोटात बोट दाबून बघू नका, पोट लवकर मऊ होतं. देठाजवळ सुरी घाला. अडली नाही की झालं. मग दहा मिनिटं झाकून ठेवा आणि साल काढा. वांगं पाण्याखाली धरू नका, सगळा धूर वाहून जातो. पुढचं लाकडी बडगीत ठेचणं, लसूण, मिरची, दाणे, कांद्याची पात हे तुम्हाला आम्ही काय सांगावं.

कपाशीच्या काड्या मात्र नकोत. खूप घरांत वापरतात, जाळही छान धरतात, पण कपाशीवर मोसमभर कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात आणि धूर थेट अन्नात जातो. तुरीलाही फवारणी होते, म्हणून ज्या शेतात शेवटी फवारलं नाही तिथल्या, पावसाने धुतलेल्या, वर्षभर छपराखाली वाळलेल्या तुराट्या सर्वांत चांगल्या.

बट्टीच्या बाबतीत मुलगा बरोबर आहे, हे सांगायला हवं. उकडून तुपात तळायची बट्टी असेल तर शेगडीचा प्रश्नच नाही. पण भाजून करायची तर तिला चाळीस मिनिटं एकसारखी, मध्यम आच लागते. गॅस बार्बेक्यूत दोन कडेचे बर्नर चालू, मधला बंद, झाकण लावून आत 190-200 अंश ठेवलं की बट्टी एकसारखी फुगते आणि हात लावावा लागत नाही. कोळशावर हे जमतं, पण लक्ष द्यावं लागतं: निखारे दोन्ही कडांना लोटायचे, बट्ट्या मधल्या रिकाम्या पट्ट्यावर मांडायच्या, झाकण लावायचं, खालच्या झडपा अर्ध्या मिटायच्या आणि दर दहा मिनिटांनी बट्ट्या फिरवायच्या. वीस मिनिटांनी दोन्हीकडे चार-पाच पेटलेले निखारे टाकायचे. पेटलेले म्हणतोय. काळा कोळसा टाकला तर त्याचा कडवट धूर बट्टीत उतरतो. बट्टी करपली आणि आत कच्ची राहिली, तर खाली निखारा राहून गेला असं समजा.

शेगडी कशी बनवून घ्यायची ते नीट लिहितो, कारण पैसे वाया जातात ते इथे. बाजारात मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या घडीच्या शेगड्या दोन थंड्यांत तळाला फाटतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून 3 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची, 60 बाय 40 सेंटिमीटरची, 22 सेंटिमीटर खोल पेटी करून घ्या. कोळशाची जाळी तळापासून 5 सेंटिमीटर वर हवी. कोळसा तळावरच पसरला तर खालून हवा मिळत नाही आणि राखेत गुदमरून विझतो. लोकांचा कोळसा ‘पेटतच नाही’ त्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. अन्नाची जाळी कोळशाच्या जाळीच्या 12 सेंटिमीटर वर. ती स्टेनलेस स्टीलची, 6 मिलिमीटरच्या सळयांची, दोन सळयांत दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर पनीर खाली जातं. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. जस्त तापून सुटलं की त्याची वाफ विषारी असते. लांबीच्या दोन्ही बाजूंना तळाजवळ चार-चार भोकं, 2 सेंटिमीटर व्यासाची, त्यावर सरकती पट्टी. हीच तुमची आच कमी-जास्त करायची किल्ली. झाकण 2 मिलिमीटर पत्र्याचं, आत वीसेक सेंटिमीटर उंची सोडून, वर दोन झडपा आणि लाकडी मूठ. पाय कमरेइतके उंच. आतून रंग लावू देऊ नका, बाहेरून उष्णता सोसणारा रंग चालेल. जुना पिंप कापून शेगडी करतात, त्यात आधी काय भरलं होतं ते कळत नसेल तर तो नको. कीटकनाशकाचा असेल तर कितीही जाळला-घासला तरी नको.

पहिल्यांदा पाऊण तास रिकामीच पेटवा. पत्र्यावरचं यंत्राचं तेल जळून जायला हवं. खाली गच्चीवर विटांचे दोन थर मांडा, नाहीतर टाइल तडकते आणि वॉटरप्रूफिंगचा थर उकलतो.

कोळसा वखारीतून बाभळीचा आणा, इस्त्रीवाले वापरतात तोच. तुकडा तुकड्यावर आपटला की खणखणीत वाजला पाहिजे. मधून तपकिरी दिसला तर अर्धवट जळलेलं लाकूड आहे, धूर करणार. दमट कोळसा फुटतो आणि ठिणग्या उडवतो. तुमच्या घरी हे चालणारच नाही, म्हणून पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर, पावसापासून आत ठेवा. लिंबाएवढे ते अंड्याएवढे तुकडे घ्या, भुगा बाजूला काढा. सहा जणांना दीड किलो, बारा जणांना अडीच किलो पुरतो.

पेटवायला त्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून एक नळकांडं करून घ्या: 18 सेंटिमीटर रुंद, 30 उंच, खालून 8 सेंटिमीटरवर जाळी, खाली हवेची भोकं, बाजूला मूठ. वर कोळसा भरायचा. खाली वर्तमानपत्राची दोन पानं चुरगळून, त्यावर चमचाभर खायचं तेल शिंपडून पेटवायचं. तेलामुळे कागद भुर्रकन न जळता टिकतो. नाहीतर कापराच्या तीन-चार वड्या. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशावर राख दिसली की पेटीत ओता. रॉकेल, पेट्रोल, प्लास्टिकची पिशवी यातलं काही नको. रॉकेलचा वास अर्धवट पेटलेल्या कोळशात राहतो आणि तो अन्नाला लागतो. धगीवर ओतलं तर हात भाजतो.

निखारे सगळ्या पेटीत पसरू नका. एका अर्ध्यात टाका, दुसरा अर्धा रिकामा ठेवा. तळहात जाळीवर दहा-बारा सेंटिमीटर उंच धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर तेज आच, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम. पनीरचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे तेज आचेवर सहा ते आठ मिनिटं, त्याहून जास्त ठेवले तर चिवट होतात. कणीस मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. चिकनची तंगडी आधी निखाऱ्यावर दोन्हीकडून रंग येईपर्यंत, मग रिकाम्या बाजूला नेऊन झाकणाखाली पंचवीस ते तीस मिनिटं. बाहेर काळं आणि हाडाजवळ लाल, ही तक्रार सगळे करतात आणि कारण एकच असतं: शेवटपर्यंत निखाऱ्यावरच ठेवलेलं असतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळाला तर हाडाला न टेकवता मांसात खुपसा, 74 अंश झालं की उतरवा. मसाला लावताना तेल कमी ठेवा आणि जाळीवर टाकण्याआधी तुकडे निथळू द्या. तेल टपकून जाळ उठला तर पाणी मारू नका, राख उडते आणि जाळीवरच्या सगळ्यावर बसते. तुकडे रिकाम्या बाजूला सरकवा आणि झाकण लावा.

एक गोष्ट सक्तीची. गार वारा आला, पाऊस आला म्हणून कोळशाची शेगडी जिन्याच्या खोलीत किंवा पत्र्याच्या बंद शेडमध्ये नेऊ नका. विझत आलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला वास नसतो, धूर दिसत नाही आणि बंद जागेत माणूस झोपेतच जातो. ऊब घ्यायला म्हणून रात्री निखारे खोलीत नेणंही याच कारणासाठी नको. काम झालं की झाकण आणि सगळ्या झडपा मिटा, कोळसा हवेअभावी विझतो आणि उरलेला पुढच्या रविवारी चालतो. राख दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत पेटीतच राहू द्या. राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. ती पत्र्याच्या डब्यात काढा आणि पाणी मारून मगच खाली आणा, कापूस असताना तर नक्कीच.

होळीनंतर ऊन चढलं, गच्चीवर बिबडे, कुरडया, पापडांचं वाळवण पडलं की शेगडी झाकून ठेवा. वैशाखात दुपारी 44-45 अंशांत आणि त्या गरम वाऱ्यात गच्चीवर विस्तव करू नये.

तरीही घरात गॅसवर एकमत झालं, तर हे बघून घ्या. घरच्या रेग्युलेटरमधून साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस येतो. परदेशी बनावटीचं बार्बेक्यू असेल तर त्याचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं) याच दाबाचे आहेत ना ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या. आच कमी येते म्हणून हलवाईच्या भट्टीचा उच्च दाबाचा रेग्युलेटर लावणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नको, पेटीच्या तापलेल्या अंगाला टेकायला नको, आणि पाच वर्षांनी बदला. घरचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकाला गच्चीवर वापरता येतो, पण 14.2 किलो गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो आणि दर रविवारी जिन्याने चढवायचा-उतरवायचा. 5 किलोचा छोटा सिलिंडर सोपा, मात्र तिन्ही बर्नर पूर्ण सोडले की तो गार पडतो, अंगावर दव धरतो आणि आच उतरते. सिलिंडर उभाच ठेवा. जोडल्यावर दर वेळी जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पेटवू नका. पेटवताना झाकण उघडं हवं. झाकणाखाली साठलेला गॅस एकदम पेटून तोंडावर येतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जिन्यावरून खाली उतरतो आणि तुमच्या खाली खोलीत कापूस आहे. वास आला तर रेग्युलेटर बंद, विजेचं कोणतंही बटण चालू-बंद न करता 1906 वर फोन. खर्चाचा अंदाज म्हणून: तीन बर्नर पूर्ण आचेवर चाळीस मिनिटं चालले तर साधारण अर्धा किलो गॅस जातो.

सासूबाईंना सांगा, गोवऱ्यांचं त्यांचं म्हणणं बट्टीपुरतं रास्त आहे. गोवरीचा निखारा कोळशापेक्षा मंद आणि संथ, म्हणूनच चंपाषष्ठीचे रोडगे त्यावर होत आले. पण ती पूर्ण जळून लाल होईपर्यंत, धूर थांबेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि पनीर-चिकनला लागणारी तेज धग तिच्यात नाही. याच पेटीत कोळशाच्या जाळीवर दहा-बारा सुक्या गोवऱ्या उभ्या रचून पेटवा, निखारे झाले की कडांना लोटा, बट्ट्या मध्ये. गोवऱ्या शेणाच्याच आणि कडकडीत वाळलेल्या हव्यात. ओलसर असल्या तर पाऊण तास नुसता धूर होतो, आणि तो शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो.